आत्याचे संवाद

नभोवाणी केंद्राच्या नाट्यविभागात तिला सगळे खडखडताई म्हणत. नाटकात घोडा दौडायचा असो, दार करकरायचं असो, नाहीतर रागाच्या भरात कुणी आरसा फोडायचा असो, हाक एकच: "खडखडताई!" की तिने आपल्या लांबलचक मेजावरून नेमकी वस्तू उचललीच. एकतीस वर्षं ती त्या मेजामागे उभी होती. करवंट्यांवर तिने राजे दौडवले होते, जुन्या छत्रीच्या उघडझापीवर गरुड उडवले होते, पिठाच्या पिशवीवर अंगठे दाबून कितीतरी प्रेमिकांना बर्फातून एकमेकांपर्यंत पोचवलं होतं. जगातली सगळी खळबळ तिच्या दोन हातांत. तोंड मात्र मिटलेलं. नाटक चालू असताना तिला खोकायचीसुद्धा चोरी.

त्या वर्षी विभागाचा लेखक नोकरी सोडून गेला आणि वार्षिक नाटक लेखकाविना पडलं. वर्षातून एकदा नाटक जुन्या काळासारखं थेट प्रक्षेपित व्हायचं, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला, आणि गोष्टही ठरून गेली होती: गेलेल्या आत्याची. विभागाच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, "कुणी हात लावतंय का याला?" मेजामागून एक हात वर आला. साहेबांना वाटलं, ताईंना पंखा बंद करून हवाय.

"मी लिहिते," ती म्हणाली.

ती गोष्ट कुणाला ठाऊक नाही? शंभर वर्षांची जुनी, शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली, अजून हसवणारी. भावाच्या घरी राबून राबून एक आत्या मरते. तिला पोचवून माणसं घरी परततात तर जेवण तयार. आणि रांधलं कुणी, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. चौथ्या दिवशी भावाला तिच्या आरपार खिडकी दिसते, तेव्हा कुठे घराच्या ध्यानात येतं की ही तर गेलेली आहे. मग ती घाबरवायला जाते आणि जो तो तिला एकेक काम सांगतो. शेवटी ती दोनदा विकट हसते, पाहुणे पळतात, मांत्रिक येतो, त्याच्यापुढे ती तिसऱ्यांदा हसते, आत्या बाटलीत जाते, वरून बूच बसतं, आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. संपली गोष्ट.

खडखडताईने बावीस पानं लिहिली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पण चष्मा असा लावत की वय झाल्यासारखं दिसावं.

"ताई, यात आत्याचे संवाद कुठे आहेत?"

"उजवीकडच्या रकान्यात."

"तिथे 'झाकण' लिहिलंय."

"तोच संवाद."

साहेबांनी पान उलटलं. "'मोठं पातेलं, रिकामं, ओट्यावर, हात लवकर सोडून.' हे काय?"

"'मला काय विचारता, मी या घरात कोण?'"

"एवढं सगळं एका पातेल्यात?"

"म्हणून तर मोठं घेतलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, आत्या भूत आहे. भुताने बोललं पाहिजे. श्रोत्याला काय कळणार पातेल्यातलं?"

"श्रोता कुठल्या घरात वाढला, साहेब? ज्या बाईला तोंड उघडायची सोय नसते ती भांड्यांनी बोलते. माझी आई दिवसाला चार शब्द बोलायची, त्यातले दोन 'हो' आणि 'बरं'. पण शाळेतून येताना मला फाटकाजवळच कळायचं, आज घरात काय घडलंय ते. वाटीवर वाटी हळू ठेवली तर निभावलं. चमचा टाकला तर लपून बसायचं. ही आत्या जन्मभर असंच बोलली असणार. मेल्यावर तिला एकदम भाषण कुठून फुटेल?"

"पण पुस्तकात ती हसते! तीनदा! लोकांना तेवढंच तर पाठ आहे."

"गोष्टीचे लेखक बाहेरच्या खोलीत बसून लिहीत होते. आतून आवाज आला, त्यांना वाटलं हसली."

साहेबांनी सरळ हुकूम काढला. भांडी ठेवा, पण पाठीमागे, बारीक. पुढे हसणार ती हसणारी.

हसणारी म्हणजे केंद्राची ठरलेली कलाकार. चेटकीण असो, सवत असो, कपटी राणी असो, हसायला तीच. ते हसू ऐकून एकदा म्हणे एका श्रोत्याच्या मांजराने घर सोडलं होतं. "नियंत्रण कक्षाच्या काचेपलीकडून मी हात वर केला, की ती हसेल," साहेब म्हणाले. "तीन जागा, तीन हात."

"मग ती आत्या माझी नव्हे."

"आत्या केंद्राची आहे, ताई."

ती बाहेर आली. आपल्या मेजापाशी गेली, एक वाटी उचलली, आणि जिथे होती तिथेच परत ठेवली. पलीकडे चहा पिणारे दोन निवेदक उठून गेले.

घरी नवरा होता, टपाल कचेरीतून निवृत्त झालेला. बाहेरच्या खोलीत खुर्ची, खुर्चीत तो, त्याच्यापुढे वर्तमानपत्र. तीन वर्षांत या रचनेत फरक पडला नव्हता. खडखडताईने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "अहो, डोळे मिटून बसा. मी काहीतरी वाजवते. काय म्हटलं ते सांगा."

"परीक्षा घेतेस?"

"नाटकाचं काम आहे."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, कडेला किंचित टेकवून, मग पूर्ण.

"'जेवायला या,'" बाहेरून आवाज आला. "रागावलेलं नाहीये."

तिच्या अंगावर काटा आला. दोन वाट्या एकीत एक घातल्या, दुसरी जरा जोरात.

"'माणसं जेवायला येणार होती तर सकाळी सांगायला काय झालं होतं?'"

"आणि हे?" तिने डब्याचं झाकण तीनदा लावलं आणि तीनदा काढलं.

"'डब्यात काही नाही आणि आणायला कुणी जात नाही.' हे सोपं होतं."

ती हसली. एवढं लहान मुलासारखं ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. साहेबांना उद्या सांगते, म्हणाली मनात, एक टपाल कारकून ओळखतो, आणि तुमच्या श्रोत्याला कळणार नाही? हात पुसायला वळली, आणि ओट्याच्या कडेचा चमचा निसटून मोरीत पडला. पडला तो पडला. परीक्षेतला नव्हता.

बाहेर वर्तमानपत्र सळसळलं. "आईंच्या आजारपणात मी आलो नव्हतो, ते अजून मनात आहे तर तुझ्या."

खडखडताई दाराशी आली. तिचे हात ओले होते. चमचा पडला तेव्हा ती खरंच आईचा विचार करत नव्हती. पण नवऱ्याने म्हटल्याबरोबर तिला कळलं की चमचा करत होता.

"म्हणजे तुम्हाला कळतं."

"न कळायला काय झालं? छत्तीस वर्षं ऐकतोय."

"मग इतकी वर्षं, 'काय झालं, काय झालं, अगं सांगशील तर कळेल,' असं विचारायचात ते?"

त्याने पान उलटलं. माणूस वाईट नव्हता. खोटं बोलायचा त्याला कंटाळा होता, इतकंच. "कळलं म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर उठावं लागलं असतं."

दळण सरावं आणि जातं नुसतंच फिरत राहावं, तसं तिच्या आत काहीतरी फिरत होतं. आईची भांडी आठवली, सासूची आठवली, पलीकडच्या बिऱ्हाडातल्या त्या गप्प सुनेची आठवली, जिच्या घरातून दुपारी पितळेचा पेला गडगडत जायचा आणि कुणीच विचारायचं नाही. सगळ्यांना कळत होतं. मग ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली, बाविसावं पान काढलं आणि शेवटच्या प्रवेशातल्या उजव्या रकान्यातलं सगळं खोडलं. मांत्रिक विचारतो, "बोल, तुला काय हवंय?" त्याच्यासमोर आता ना झाकण होतं, ना पातेलं. रकाना कोरा.

कारण तिला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. भांडी आपटतात तोवर घर निर्धास्त असतं. आपटायची थांबली, की सगळ्यांत बेरक्या माणसाचाही घास तोंडाशी थांबतो.

आणि साहेबांचं तिसरं हसू नेमकं तिथेच होतं.

तालमी झाल्या. भावाचं काम थोरल्यांकडे होतं. थोरले म्हणजे विभागातले सर्वांत जुने नट, सत्तरी ओलांडलेले, आवाज घंटेचा, आणि घरी बायकोपुढे ब्र काढायची छाती नाही अशी ख्याती. मांत्रिक करणारा एक लठ्ठ, आनंदी गृहस्थ होता. त्याचा मंत्र खडखडताईने स्वतः रचला होता आणि तो तालमीत म्हणताना त्याचं त्यालाच हसू फुटायचं:

"बाटलीत ये गं, बाटलीत ये,
काचेचं घर तुझं, बुचाचं दार,
आत नाही धूळ, आत नाही केर,
आता तरी आत्याबाई आराम कर!"

तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना भांड्यांची भाषा येऊ लागली. थोरले तर पेल्याचा आवाज आला की हातातला कागद न बघताच बरोबर जागी दचकायचे. "याच्या तालमीची मला गरजच नाही," ते म्हणाले, "आमच्याकडे रोज असते." शेवटच्या पानाशी मात्र खडखडताई सगळ्यांना थांबवायची. "इथलं मी बघते," एवढंच सांगायची. काचेपलीकडे साहेब बसलेले असत.

चहाच्या वेळी तिने हसणारीला गाठलं. ही बाई मांजरं पळवणारी खरी, पण एरवी इतकी बुजरी की चहात साखर कमी असली तरी तशीच पिऊन टाकायची.

"तू घरी रागावतेस तेव्हा काय करतेस गं?"

"मी?" हसणारी गोंधळली. "मी कपाटाची दारं लावते."

"सगळी?"

"एकेक करून."

"हसत नाहीस?"

हसणारीने कप खाली ठेवला. "ताई, मला काय बोलायचं ते सरळ बोला ना. साहेब हात वर करणार, मी हसणार. मला दुसरं येत काय? हसायचंच तर बोलावतात मला."

"मी तुला हसू नको म्हणत नाही. पण आधीच सांगते, तू हसलीस की मी पातेलं आपटणार. राग धरू नकोस."

"साहेब तुम्हाला काढून टाकतील."

"टाकू देत. आत्याला तर देवानेच काढून टाकलंय, तरी ती आली की नाही परत?"

पाचचा ठोका पडला. तांबडा दिवा लागला. निवेदिकेने गोष्टीचं नाव सांगितलं आणि नाटक पाण्यात सोडलेल्या होडीसारखं सुटलं.

पहिल्या दहा मिनिटांत खडखडताईच्या लक्षात आलं की आज हातांना काही सांगावंच लागत नाहीये. माणसं आत्याला पोचवून आली, आणि आतून वाट्या मांडल्याचा आवाज आला: एक, दोन, तीन, चार, आणि थबकून पाचवी. पाचवी आत्याची स्वतःची. ती परत उचलून ठेवल्याचा आवाज इतका हळू होता की आवाज-नियंत्रणावर बसलेल्या अभियंत्याने मान वर केली.

मग पाहुण्यांचा प्रवेश आला. साहेबांचा हात वर गेला. हसणारी हसली; जसं हसायची तसं, छताला लागून खाली येणारं. ते पुरतं खाली येण्याआधी खडखडताईने पातेलं ओट्यावर ठेवलं. स्पष्ट, एकदाच. माझ्या स्वयंपाकघरात हसायला तू कोण गं? पाहुणीचं काम करणारी नटी खरोखरच फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात घेतला. काचेपलीकडे साहेबांचे ओठ हलत होते.

दुसऱ्या वेळी हात वर गेला तेव्हा हसणारीने आधी पातेल्याकडे पाहिलं. हसू निघालं, पण उधार आणलेल्या चपलांत चालावं तसं. झाकणाने ते मधेच तोडलं.

आणि मांत्रिक आला. बाटली आली, बूच आलं, मंत्र झाला. लठ्ठ गृहस्थाने आवाज चढवून विचारलं, "बोल! बोल आत्याबाई, तुला काय हवंय?"

साहेबांनी हात वर केला.

खडखडताईने दोन्ही हात मेजावरून काढून घेतले आणि पाठीमागे धरले.

नभोवाणीत शांतता हा गुन्हा असतो. पाच सेकंद आवाज नसला तर श्रोत्याला वाटतं, यंत्र बिघडलं. दहा सेकंद नसला तर वरच्या मजल्यावरून फोन खणखणतो. भिंतीवरच्या घड्याळाचा तांबडा काटा तीनवर गेला, चारवर गेला. साहेबांचा हात आणखी वर गेला, मग दुसराही हात वर गेला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, साहेबांना कुणी बंदूक दाखवलीय. हसणारीने ध्वनिक्षेपकाकडे तोंड नेलं. श्वास भरला. खडखडताईकडे पाहिलं. खडखडताईने तिला खूण केली नाही, डोळेही वटारले नाहीत. ती नुसती उभी होती, हात पाठीमागे, एखादी बाई सगळं आवरून, चूल विझवून, दाराकडे तोंड करून उभी असते तशी.

हसणारीने भरलेला श्वास हळूच सोडला आणि दोन पावलं मागे सरकली.

सहा. सात. मांत्रिकाच्या कपाळावर घाम होता. आठ. थोरल्यांनी हातातला कागद खाली केला. त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा मेजाकडे, आणि मग कुठेच नाही. नऊ. दहा.

"अगं..." थोरले म्हणाले.

हे लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं, बावीस पानांत नव्हतं. गोष्टीतला भाऊ आत्याला 'अक्का' म्हणायचा.

"अगं ए... चुकलं माझं. मला कळत होतं सगळं. बोल ना काहीतरी. अशी गप्प नको राहूस."

घंटेचा आवाज तडकला होता. सत्तरी ओलांडलेला कसलेला नट नाटकातून घसरून थेट स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पडला होता, आणि सगळा मुलूख ऐकत होता.

काचेपलीकडे साहेब एका हाताची बाटली करून दुसऱ्या हाताने बूच लावून दाखवत होते. बाटली! बूच! संपवा! बाटली खडखडताईच्या उजव्या हाताशीच होती, बूच तिच्या शेजारी. एवढं 'बुच्च' केलं की गोष्ट शंभर वर्षं जशी संपली तशी संपली असती, आणि थोरल्यांची चूकही तिच्यात बुडून गेली असती.

तिने बाटली बाजूला सरकवली. सर्वांत मोठं पातेलं दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचललं, आणि सोडलं.

ते पडलं, उसळलं, कडेवर उभं राहिलं आणि गरगरत राहिलं. एका वेटोळ्यातून दुसरं वेटोळं, मोठं, मग लहान, मग अगदी भराभर. 'चुकलं' म्हटलंस, ऐकलं मी. एवढ्यावर नाही भागायचं.

"येतो," थोरले म्हणाले. "आत येतो मी. थांब."

आणि आता पावलं हवी होती. भाऊ आत जाणार तर त्याची पावलं वाजली पाहिजेत, आणि केंद्रात पावलं वाजवणारं माणूस एकच. खडखडताईला हसू आलं आणि रडूही. यांचं उठणंसुद्धा मीच वाजवायचं! तिने मेजाखालून जुने जड बूट काढले, हातांत घातले आणि फळीवर टेकवले. एक. थबकून दुसरं. तिसरं घासत. छत्तीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाची पावलं कशी पडतील ते तिला चांगलं ठाऊक होतं. चौथ्या पावलावर तिने त्याला उंबरठ्यापाशी आणला आणि बूट तिथेच थांबवले. पुढचं पाऊल तिने वाजवलं नाही. तिथून पुढे त्याचं त्याने बघावं.

निवेदिकेने डोळे पुसले आणि नाटक संपल्याचं सांगितलं. तांबडा दिवा विझला.

दार उघडून साहेब आत आले. मागे वरच्या मजल्यावरचा फोन वाजत होता. थोरले एका स्टुलावर बसून पाणी पीत होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

"बाटली कुठे गेली?" साहेबांनी विचारलं. "बूच कुठे गेलं?"

"मेजावर आहे."

"आत्या बाटलीत जाते, ताई! शंभर वर्षं जाते!"

"आज नाही गेली."

"मी हात वर केला होता. दोन्ही हात वर केले होते. याचा लेखी खुलासा हवाय मला. आत्ता. वर काय सांगू मी?"

खडखडताई भांडी आवरू लागली. पातेल्यात पातेलं घातलं. त्यावर झाकण ठेवलं. वाट्या एकीत एक घातल्या, शेवटची जरा उशिराने. पेला उचलला, खोक्यात उभा केला.

"असं कसं म्हणता?" साहेब एकदम बोलले. "मी काय रोज उठून तुमच्या कामात ढवळाढवळ करतो? आणि तुम्हाला विचारलं नाही असं तरी—"

ते थांबले. खोलीतले सगळे थांबले. मांत्रिकाने तोंड फिरवलं, हसणारी भिंतीकडे बघू लागली.

"मी काही बोलले का?" खडखडताईने विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या चष्म्यामागे कुठल्यातरी स्वयंपाकघराच्या दारात उभं असलेलं एक पोर क्षणभर दिसलं आणि नाहीसं झालं.

तिने पेला खोक्यातून काढून बाजूला ठेवला, अगदी हळू, त्याचा आवाज होऊ न देता. मेजावरची जागा हाताने पुसली, तिथे कोरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि कागद साहेबांच्या दिशेने सरकवला.

"साहेब," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, "खुलासा मी लिहिणार नाही. आत्ता जे ऐकलंत ते तुम्हीच लिहा. एक शब्द गाळायचा नाही. खाली सही मी करते."